वॉचमनकाकांचे गँगरीन आणि आपल्या शंका

ए-२०३ : सर्वांना नमस्कार. आपल्या रात्रपाळीच्या वॉचमनकाकांच्या डाव्या पायाचा अंगठा गँगरीनमुळे काल काढावा लागला. ते बरे आहेत, परंतु हा आजार आपल्याला लागेल का आणि त्यांची केबिन धुऊन घ्यावी का, असे दोघांनी मला लिफ्टपाशी विचारले. सिस्टरताई, आपण सर्जिकल वॉर्डात इतकी वर्षे काढलीत, कृपया सांगाल का?

बी-५०१ : काकांच्या खुर्चीवर बसल्याने कोणालाही गँगरीन होणार नाही. एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटल्याने किंवा तीव्र जंतुसंसर्गाने तिथले मांस मरते, त्याला गँगरीन म्हणतात. सर्वसाधारण निरोगी माणसाला ते क्वचितच होते. पण मधुमेहींची गोष्ट निराळी आहे, आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात मधुमेही सुमारे १०.१ कोटी आहेत. त्यांच्यापैकी १९ ते ३४ टक्के लोकांच्या पायाला आयुष्यात कधी ना कधी जखम होते, असा अंदाज आहे. प्रत्येक जखम चिघळतेच असे नाही, मात्र पाय बधिर झालेला असला की ती कळतच नाही. आमच्या वॉर्डात एक आजोबा आले होते, त्यांच्या चपलेचा खिळा दिवसभर तळव्यात रुतत होता. संध्याकाळी फरशीवर रक्ताचे ठसे सुनेला दिसले, तेव्हा कुठे घरात समजले.

सी-१०२ : ताई, माझ्या मामांना मधुमेह नव्हता, तरी चाळिशीतच त्यांची दोन बोटे गेली. ते विड्या फार ओढत.

बी-५०१ : तो बर्जरचा आजार असू शकतो, दादा. तंबाखूमुळे हातापायांच्या लहान रक्तवाहिन्या सुजून बंद होतात, आणि तो मुख्यतः पन्नाशीच्या आतल्या पुरुषांना होतो. तंबाखू पूर्ण सुटल्याशिवाय तो थांबत नाही. अपघातात माती गेलेल्या खोल जखमेतून होणारे गॅस गँगरीन तुलनेने दुर्मीळ आहे, पण ते काही तासांत पसरते.

ए-२०३ : घरच्या मधुमेहींनी काय करावे?

बी-५०१ : रोज रात्री तळव्याखाली आरसा धरून पाय पाहावेत आणि पाय शेकण्याचे पाणी घरातल्या दुसऱ्या कोणी हात घालून तपासावे. बोट निळे-काळे पडले किंवा जखमेला दुर्गंधी आली, तर हळद लावून वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जावे. केबिन धुण्यापेक्षा काकांना मऊ, बंद बूट घेऊन देऊ या. त्यांचा उजवा पाय अजून शाबूत आहे आणि पाण्याच्या टाकीवर ते अनवाणीच चढतात, हे मी स्वतः पाहिले आहे.