आजोबांचा ट्रक: इंजिन जाम, सुरुवात कुठून करू?

गंजलेला_पाना: आजोबांचा पेट्रोल ट्रक शेडमध्ये बरीच वर्षं उभा आहे. इंजिन हाताने फिरत नाही. काका म्हणतात, बॅटरी जोड आणि एकदा स्टार्टर मारून बघ. मारू का? कॅबचा तळही कुजलाय.

तिरपा_पिस्टन: स्टार्टरला हात लावू नका! सगळे स्पार्क प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये गंज सोडवणारं पातळ तेल सोडा आणि मुरू द्या, घाई नको. मग क्रँक पुलीच्या (इंजिनच्या पुढच्या टोकाला असलेल्या चाकाच्या) बोल्टला लांब पाना लावून हलकेच मागे-पुढे करा. फिरलं तरी प्लग लगेच बसवू नका. साचलेलं तेल दाबलं जात नाही, पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी ते प्लगच्या भोकांतून बाहेर पडू द्या.

ग्रीसवाली: तळ कापण्याआधी दारांच्या चौकटीत आडवे पाइप वेल्ड करा, नाहीतर कॅब पसरते आणि दारं बसत नाहीत. पेट्रोलची टाकी मात्र घरी वेल्ड करू नका. रिकामी टाकीसुद्धा आतल्या वाफेने फुटते.

गंजलेला_पाना: काकांना वाचून दाखवलं. "आमच्या वेळी असली थेरं नव्हती" म्हणाले, पण प्लगचा पाना त्यांनीच शोधून दिला. ब्रेकचं काय?

तिरपा_पिस्टन: चाकांमधले ब्रेकचे सिलिंडर उघडा. आत खड्डे पडले असतील तर नुसतं रबर बदलून भागत नाही. रबरी नळ्या वरून धडधाकट दिसल्या तरी बदलाच.