अल्गी स्क्रबरसाठी एलईडी: लाल, निळा की वॉर्म व्हाइट?

गप्पीघर: अल्गी स्क्रबर (वाहत्या पाण्याच्या जाळीवर उजेडात शेवाळ वाढवून पाण्यातलं नायट्रेट, म्हणजे माशांच्या घाणीतून साठणारं खत, काढणारा फिल्टर) करतोय. माशांची टाकी गोड्या पाण्याची, 90×38×45 सेंमी. खाणं रोज गोठवलेल्या खाद्याचा एक क्यूब. सम्पवर (टाकीखालच्या फिल्टरच्या टाकीवर) 10×8 सेंमीची उभी जाळी टांगून दोन्ही बाजूंनी उजेड द्यायचा आहे. दुकानात 'लाल' एलईडीचे दोन प्रकार आहेत, त्यातला जास्त ल्यूमेनचा स्वस्तही आहे. तोच घेऊ का? निळे किती?

सोल्डरगन: नका घेऊ. ल्यूमेन माणसाच्या डोळ्याचं माप आहे, शेवाळाचं नाही. जास्त ल्यूमेनवाला बहुतेक 620-630 नॅनोमीटरचा असणार. तुम्हाला हवा 660, म्हणजे डीप रेड. शेवाळातलं हरितद्रव्य, क्लोरोफिल-ए, लाल प्रकाशापैकी त्याच्याच आसपासचा सगळ्यात जोरात शोषतं. तेवढ्याच ऊर्जेचा 630 आपल्याला 660 च्या साधारण चौपट उजळ दिसतो, आणि लोक तिथेच फसतात. पाकिटावर नॅनोमीटर छापलेले नसतील तर तो माल तसाच ठेवा.

एका क्यूबला साधारण 77 चौ. सेंमी जाळी लागते, तुमची 80 आहे. प्रत्येक बाजूला खरे (पाकिटावरचे नाही, प्रत्यक्ष खर्च होणारे) 3 वॅट पुरतात. 3 वॅटवाले दोनच पूर्ण करंटवर चालवण्यापेक्षा चार लावून 350 मिलिअँपवर चालवा, उजेड सारखा पसरतो. आठही लाल एका मालिकेत जोडले की 17-18 व्होल्ट होतात. त्या पट्ट्यात बसणारा 350 मिलिअँपचा कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर (करंट कायम ठेवणारा वीजपुरवठा) घ्या. मागे उष्णता ओढून घ्यायला अ‍ॅल्युमिनियमचा हीटसिंक हवाच.

निळा (445-450) दर बाजूला एक पुरे, तोही वेगळ्या ड्रायव्हरवर मंद करून. लालच्याच मालिकेत टाकलात तर त्याच्या बरोबर समोर जाळीवर रुपयाएवढं टक्कल पडतं, भोवती मात्र हिरवंगार. निळा नसला तरी अडत नाही.

ओली_जाळी: सोल्डरिंगचा कंटाळा असेल तर 3000 केल्विनचा वॉर्म व्हाइट चालेल. वॅट थोडे वाढवा, वाढ जरा सावकाश होईल. कूल व्हाइट नको, त्यात लाल फारच कमी.

पण नुसत्या दिव्याने काही होत नाही. भरतकामाची प्लॅस्टिकची जाळी करवतीच्या पात्याने दोन्ही बाजूंनी खरवडा, हात फिरवला की निवडुंगासारखी टोचली पाहिजे. गुळगुळीत जाळीवरचं शेवाळ सुटून पंपात जातं. पाणी रुंदीच्या दर सेंमीला ताशी 50 लिटर, म्हणजे तुम्हाला 500. हा आकडा जाळीवर प्रत्यक्ष पडणाऱ्या पाण्याचा. पाणी वर चढवताना पंपाची धार कमी होते, म्हणून पंप उंचीचा हिशोब करून मोठा घ्या.

गप्पीघर: किती तास चालू ठेवायचा? आणि शेवाळ पिवळं पडलं तर निळा वाढवायचा का?

सोल्डरगन: उलट. पिवळं, रबरासारखं शेवाळ म्हणजे पाण्यातल्या नायट्रेटसारख्या पोषणाच्या मानाने उजेड जास्त. तास कमी करा, पाण्याची धार सगळीकडे पोचते का बघा. काळपट चिकट थर असेल तर उजेड कमी पडतोय. सुरुवातीचा तपकिरी थर मात्र नेहमीचाच, त्याला घाबरू नका. सुरुवात 9 तासांनी करा, जाळी हिरवी धरली की हळूहळू 18 पर्यंत न्या. टाकीचा दिवा बंद असतानाचे तास त्यात धरा, रात्री पीएच कमी घसरतो.

ओली_जाळी: आठवड्याला काढून खरवडायचं, पण तळाशी पातळ हिरवा थर राहू द्या, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. आणि टाकीत झाडं आहेत का? दाट असतील तर हा खटाटोप करूच नका. नायट्रेट दोघांनाही हवं असतं, आणि उपाशी राहतात ती झाडं.