भरतीच्या आधीच वाळूची पोती घेऊन गड चढायचा, ही तयारी की गुडघे घालवायचं काम?

सीमेवरचा_पळपुटा
गेल्या आठवड्यात सगळ्यांच्या ग्रुपवर एक रील फिरालती, तुम्ही पण बघितली असणार. येळ्ळूरच्या राजहंसगडाच्या डांबरी रस्त्यावर पंधरा-वीस पोरं पाठीवर वाळूची पोती घेऊन पळायलेत, मागून सर शिट्टी मारायलेत आणि खाली लिहिलंय 'पॅरा एसएफ लोडिंग' (पॅरा एसएफ म्हणजे फौजेचे पॅराशूटवाले कमांडो). त्यातला एक आमच्याच गल्लीतला, आता नडगीला क्रेप बँडेज बांधून घरात बसलाय आणि भरतीची रॅली तोंडावर आलीय.

माझं मत सरळ आहे, भरती व्हायच्या आधी ही कमांडो ट्रेनिंग बंद करा. पहिलं दार कुठलं ते तरी बघा की. ऑनलाइन परीक्षा पास झालास की ग्राउंडवर १.६ किमी, ५ मिनिटं ३० सेकंदात आलास तर ६० मार्क, बीम (आडव्या दांड्याला लोंबकळून अंग वर ओढणं) १० मारलेस तर ४० मार्क, नऊ फुटी खड्डा आणि झिगझॅग बॅलन्स. संपलं. तिथं कोण तुझं पोतं वजन करून बघत नाही. साडेपाच मिनिटं म्हणजे ४०० चा एक राऊंड साधारण ८२ सेकंदात, आणि असे चार सलग. हा वेग पायात यायला हलकं आणि जोरात पळायला लागतं, पोतं घेऊन पोरं पळतात कुठं, फरफटतात. महिनाभर तसं केलं की तीच चाल अंगात बसते.

दुसरं म्हणजे दम दीड-दोन महिन्यात वाढतो पण हाडाला सवय लागायला कितीतरी जास्त वेळ लागतो. पोराला वाटतं दम आहे म्हणजे मी तयार, आणि नडगी आतून चिरत असते. एसएफचं प्रोबेशन (निवडीआधीचा कसोटीचा काळ) ही भरतीनंतरची, स्वतःहून नाव द्यायची गोष्ट आहे, तिथं पोचायला आधी युनिफॉर्म तरी अंगावर येऊ दे.

रगडा_मास्टर
घरात बसून टाइप करणं सोप्पं असतंय भावा. मी पोरं तयार करतो (रील माझी नाही, आधीच सांगतो). पोरगं प्रोबेशनमधून परत येतं ते पाय मोडून कमी आणि डोकं मोडून जास्त. झोप नाही, खायला नाही, पाठीवर ओझं, आणि उस्ताद म्हणतोय जा बाबा घरी, गाडी उभी आहे. त्या वेळी तुझा ८२ सेकंदाचा राऊंड काय कामाला येणार? ती सवय आधीपासूनच लागायला पाहिजे.

आणि इतिहास बघा जरा. २१ पॅरा एसएफ ही आधी २१ मराठा होती, १९९६ ला एसएफ झाली. २ पॅरा म्हणजे जुनी ३ मराठा, १९७१ च्या बांगलादेश युद्धात टांगेलला छत्रीनं (पॅराशूटनं) उतरली तीच. ह्या आपल्याच मातीतल्या पोरांच्या पलटणी. त्यांच्या हातात हार्ट रेटचं घड्याळ होतं काय? शेतात पोती उचलूनच मोठी झालेली पोरं ती.

अग्नी_विझला
अग्निवीरची चार वर्षांची नोकरी, त्यात जास्तीत जास्त २५ टक्के पुढं ठेवणार. प्रोबेशन मारून पॅराची लाल टोपी घालेपर्यंत परत यायची वेळ होतीय. पोती सिमेंटची उचला, गवंड्याच्या हाताखाली तरी उपयोगी पडतील.

कंग्राळी_तालीम
वरच्याला कोणतरी हवा द्या रे 😂
विषयावर बोलतो. हे पोतं, टायर, दोर सगळं आत्ताचं खूळ. आमच्या तालमीत जोर, बैठका, सपाट्या आणि दोर चढणं एवढ्यावर पोरं भरती झालीत. जोर मारलेल्या पोराची कंबर कधी दुखत नाही. पोराला पहिलं सहा महिने लाल मातीत लोळवा, मग काय करायचं ते करा.

सीमेवरचा_पळपुटा
दोर चढण्याचं एकदम मान्य, फौजेच्या बीपीईटी चाचणीत उभा दोर असतोच. पण तालमीतली पोरं खुराक खाऊन ऐंशी किलोची होतात आणि बीमवर सहाच्या पुढं जाईनात, ते पण बघितलंय. बीमवर स्वतःचंच वजन उचलायचं असतंय.

@रगडा_मास्टर, शेतात पोती उचलणारा पोरगा लहानपणापासून थोडं थोडं उचलत आलेला असतो. तुमच्याकडं येणारा बारावी पास होऊन मोबाईल घेऊन येतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या पाठीवर वीस किलो. दोन्ही एकच कसं?

जुना_गणपत_पलटणवाला
दोघांचं पण ऐकलं. २४ वर्षं नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं पोरांना पीटी देण्यात गेली, म्हणून लिहितोय.

ती ३ मराठावाली पोरं छत्री बांधायच्या आधीपासून पक्की फौजी होती. ट्रेनिंग सेंटरमधून निघालेली, लंगरचं दोन वेळचं पोटभर खाल्लेली, वेळेवर झोपलेली, पायात बूट मुरलेले. त्याच्यावर मग रगडा. बेळगावात रस्त्यानं कमांडो कोर्सची पोरं सामान घेऊन जाताना दिसतात ती पण पलटणीतनं निवडून आलेली असतात, सिव्हिलमधनं उचलून आणलेली नव्हेत. पोरं तेवढंच बघतात, त्याच्या मागची वर्षं दिसत नाहीत.

बीपीईटी काय असते तेवढं सांगतो. ५ किमी, वर्दी, बूट, पिठ्ठू (पाठीवरची फौजी बॅग) आणि रायफल घेऊन, तिशीच्या आतल्याला २५ मिनिटात आला तर एक्सलंट. म्हणजे किलोमीटरला पाच मिनिटं. ऐकायला सोपं वाटतं, पण रायफल हातात असली की हात हलत नाहीत आणि हात हलले नाहीत की दम लवकर तुटतो. ही गोष्ट पोतं शिकवत नाही.

आता त्या रीलमधली पोती. मी ती थांबवून थांबवून बघितली. सुतळीनं बांधलेली, वाळू सगळी खाली उतरलेली, म्हणजे वजन माकडहाडावर, प्रत्येक पावलाला दणका. पिठ्ठू भरताना जड सामान वर आणि पाठीला चिकटून ठेवतात, खांद्याच्या फऱ्यांच्या मध्ये, पट्टे आवळून, आत काही हललं तर उस्ताद सोलून काढतो. शिवाय निम्म्या पोरांच्या पायात कॅनव्हास, दोघंतिघं तर चपलेवर. त्यात डांबरी उतार. ह्याला रगडा म्हणत नाहीत बाळांनो.

पण रगडा_मास्टरचं एक खरं आहे, डोकं तयार लागतंय. मात्र ते डोकं पहाटे चारला गजर न लावता उठण्यातनं पण तयार होतं, त्याला पोतं कशाला.

रगडा_मास्टर
फौजी साहेब तुमचा मान आहे, राम राम. पण पहाटे उठून कोण एसएफ झालेलं मी तरी ऐकलं नाही. इंग्लंडचे एसएएसवाले कमांडो वेल्सच्या डोंगरात साधारण वीस किलो घेऊन चोवीस किलोमीटर तुडवतात, पेन य फॅन शिखरावरून. ते येडे आहेत काय?

सीमेवरचा_पळपुटा
तेच उदाहरण घेतलंस ते बरं झालं. जुलै २०१३ मध्ये त्याच ब्रेकन बीकन्सच्या डोंगरात त्याच सिलेक्शनच्या मार्चला तिघं रिझर्व्हिस्ट (राखीव फौजी) उन्हानं गेले. वेल्सचं ऊन ते, आणि पोरांच्या अंगावर ट्रॅकर लावलेले होते. आपल्याकडं एप्रिलमध्ये सकाळी नऊला गडावर पोती, पाण्याची एक बाटली चौघांत, अँब्युलन्सचं तर नावच नको. लाख वेळा कर डोंगर, पण ऊन बघून, पाणी घेऊन.

फिजिओ_पोरगी_निपाणी
मत देत नाही, फक्त दुखण्याचं सांगते कारण दवाखान्यात भरतीवाली मुलं रोज येतात.

नडगी लांबीभर दुखत असेल आणि अंग गरम झाल्यावर कमी होत असेल तर बहुतेक वेळा पळणं कमी करून भागतं. पण एका बोटानं दाखवता येईल अशी एकच जागा दुखते, एका पायावर उडी मारली की कळ येते, रात्री पडल्यावर पण ठणकते, तर ते स्ट्रेस फ्रॅक्चर असू शकतं, पळणं थांबवायचं आणि डॉक्टरकडं जायचं. पहिल्या दोन-तीन आठवड्यात एक्सरेत दिसत नाही पुष्कळदा, म्हणून 'एक्सरे क्लिअर आहे' म्हणून लगेच ग्राउंडवर जाऊ नका.

दुसरं, एकदम शंभर शंभर बैठका आणि पोती वगैरे केल्यावर लघवी कोऱ्या चहासारखी झाली तर तो रगड्याचा मेडल नाही, स्नायू फुटून किडनीवर लोड आलेला असतो. त्याच दिवशी दवाखाना. आणि रॅलीच्या सकाळी पेनकिलर घेऊन पळणारे पण आहेत, उपाशी पोटी, पाणी न पिता. कृपा करून नको.

मुलींविषयी कोण बोलतच नाही म्हणून जाता जाता, मिलिटरी पोलीसला मुली पण जातात. दम लागतो म्हणून रोज जास्त पळण्याआधी हिमोग्लोबिन तपासा, अर्ध्या जणींचं उत्तर तिथंच मिळतं. नाचणीची भाकरी, गूळ-शेंगदाणे, पालेभाजी चांगलंच, पण रिपोर्ट खूप खाली असेल तर गोळ्या लागतात.

खानापूरचा_डुंबऱ्या
सगळे पळण्याच्यातच अडकलाय. पाण्याचं काय? आमच्या तालुक्यात तोराळीला सीआरपीएफच्या कोब्रा कमांडोंचं जंगल ट्रेनिंग स्कूल आहे, त्यामुळं आमच्याकडच्या पोरांना डोंगर-जंगलाचं वेड आधीपासूनच. पण मार्कोस (नौदलाचे कमांडो) व्हायचं म्हणायचं आणि पोहायला येत नाही असे शंभर सापडतील. अमेरिकेच्या नौदलातल्या सील कमांडोंची नुसती आत जायची चाचणी बघा, ५०० यार्ड पोहणं साडेबारा मिनिटांच्या आत, मग दोन मिनिटांत ५० जोर, दोन मिनिटांत ५० सिटअप, १० बीम आणि शेवटी दीड मैल साडेदहा मिनिटांत. हा तळाचा आकडा, एवढ्यावर कोण तिथं टिकत नाही.

आणि गंमत बघा, दीड मैल म्हणजे २.४ किमी, आपल्या फौजेच्या पीपीटी ह्या शारीरिक चाचणीत त्यालाच एक्सलंट ९ मिनिटाला मिळतं. पळण्यात आपली पोरं कमी नाहीत ओ, पाण्यात मार खातात. विहिरीत सूर मारता येणं म्हणजे पोहणं नव्हे. मलप्रभेत नाहीतर विहिरीत डबा बांधून शिकलेला पोरगा चार हात मारतो आणि काठ धरतो, सलग पंधरा मिनिटं श्वास जुळवून पोहणं वेगळं. (पावसाळ्यात नदीत अजिबात उतरू नका, कणकुंबीकडं कोसळला की इथं पाणी कधी चढतं कळत नाही.)

तुरमुरी_शिनोळी
ते सगळं ठीक पण पावसाळ्यात पळायचं कुठं ते सांगा. व्हॅक्सीन डेपोच्या मैदानाला चिखल, रस्त्यावर ट्रक. आणि आमचं तर आणखी वेगळंच, एकाच बांधावर पळणारे दोघं, मी तुरमुरीचा, कर्नाटकातला, म्हणून बेळगावच्या भरती ऑफिसला आणि शिनोळीचा दोस्त महाराष्ट्रातला, म्हणून कोल्हापूरला. तारखा वेगळ्या, तयारी एकत्र, एकाची रॅली झाली तरी दुसऱ्याला जोडीदार म्हणून पळावं लागतंय.

जुना_गणपत_पलटणवाला
@तुरमुरी_शिनोळी पावसात शाळेच्या पायऱ्या, बीम, दोर. पळणं आठवड्यातनं तीन दिवस बास, त्यातले दोन दिवस बोलत बोलत पळता येईल इतकं सावकाश, एक दिवस ४०० चे राऊंड. रोज जीव काढून पळणारा पोरगा महिन्यानं आधी होता त्याच्यापेक्षा हळू पळतो, हे मी ग्राउंडवर बघितलंय. आणि मेडिकलचं आधी बघून घ्या, गुडघे एकमेकाला लागतात काय, तळवा सपाट आहे काय, शिरा फुगल्यात काय, कानात मळ आहे काय. साडेपाच मिनिटात येऊन कानाच्या मळानं थांबलेला पोरगा बघितला की वाईट वाटतं.

रगडा_मास्टर
बरं बाबांनो, चप्पल आणि सुतळी मला पण मान्य नाही. पण ओझं एकदम बंद, हे मला पटत नाही ते नाहीच. ज्याची भरती झालीय, सेंटरला जायला अजून वेळ आहे, त्यानं पण रिकामं फिरायचं काय?

सीमेवरचा_पळपुटा
त्यानं घेऊ दे की. सुरुवातीला स्वतःच्या वजनाच्या दहा टक्के, आठवड्यातनं एकदा, चालत, पळत नाही. दोन-तीन आठवडे काही दुखलं नाही तर मग दोन किलो वाढवायचे. माझं भांडण रॅली न झालेल्या सतरा-अठराच्या पोरांबद्दल आहे.

रगडा_मास्टर
मी त्यांना पण रविवारी येळ्ळूर चढवणार, हलकं का होईना. चढायला ओझं, उतरायला नको, एवढं तुमच्यासाठी मान्य करतो. उतारावरच गुडघे जातात हे मला पण ठाऊक आहे.

कंग्राळी_तालीम
आणि पोती वरून खाली कोण आणणार? तुमचा ट्रॅक्टर?

जुना_गणपत_पलटणवाला
वाळू कशाला, पाण्याचे कॅन घ्या. बॅगेत आडवे न ठेवता उभे, चादरीत गुंडाळून, घट्ट. वर पोचलात की ओतून टाका आणि मोकळ्या पाठीनं उतरा.

अग्नी_विझला
म्हणजे गडावरच्या झाडांना फुकटात पाणी. चार वर्षांनी परत आल्यावर वनखात्यात अनुभव म्हणून दाखवता येईल 😂

रगडा_मास्टर
हसू नका, कॅनचं बरोबर वाटतंय. ह्या रविवारी बघतो. कोणाकडं पाच लिटरचे रिकामे कॅन असतील तर सांगा, तेलाचे नकोत, घाण वास येतो.