पपईची फळं सुपारीएवढी होऊन गळतात, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. रत्नागिरीत आमच्या परसात पपईची दोन झाडं आहेत, बाजारातल्या फळाच्या बियांची. एकाला लांब लोंबत्या देठांवर बारीक फुलांचे झुबके येतात नि गळतात. नर आहे, एवढं कळतं. शेजारच्या काकू म्हणतात, खोडात खिळा ठोका, पपई लागेल! मला काही पटत नाही.

दुसऱ्याची फुलं खोडालगत, बुडाशी फुगीर, म्हणजे मादी. तिची फळं सुपारीएवढी झाली की पिवळी पडून गळतात. शेंड्याची पानं हिरवीगार आहेत, पिठ्या ढेकूणही दिसत नाही. आळ्यात पाणी मात्र साचतं, कातळ वरच लागतो ना. गळ त्यामुळेच होत असेल, की परागीकरण कमी पडतंय? परागीकरणासाठी नर ठेवावा का? घरचे कोयता घेऊन तयारच आहेत, तेव्हा जाणकारांनी जरा लवकर सांगा.