१ मार्चला लेकीला वेल्श ड्रेस हवाय, मदत करा

वेल्समध्ये कार्डिफला येऊन चारच महिने झालेत आणि शाळेतून निरोप आलाय की सेंट डेव्हिड्स डेला (वेल्सच्या संताचा दिवस) वेल्श ड्रेस घालून पाठवा, काय काय लागतं? थोडी वेल्श भाषापण शिकवायचीय.

> उंच काळी टोपी, लाल शाल, चौकड्यांचा स्कर्ट, एप्रन. तयार सेट मिळतो पण लवकर घ्या, आम्हाला उरलेली टोपी मिळाली ती पोरीच्या नाकावर यायची 😄 'बोरे दा' म्हणजे गुड मॉर्निंग, 'दिओल्ख' म्हणजे थँक्यू.

> त्यातला ख घशातून खरवडून काढा, ख़ुदामधल्यासारखा. शालीला डॅफोडिलचं पिवळं फूल लावा, काहीजण लीक लावतात, म्हणजे आपल्या कांद्याच्या पातीचा थोरला भाऊच.

> मुळात हा खेड्यातल्या बायकांचा साधा पोशाख, १९व्या शतकात लेडी लॅनोव्हर या वेल्श संस्कृती जपणाऱ्या बाईंनी तो उचलून धरला म्हणून इतका मिरवला.

> थँक्स! म्हणजे दिओल्ख 🙏 शाल आजीची लालच आहे, जरीचा काठ आत दुमडते.