नुसत्या सॅनिटायझरवर भागत नाही

रेल्वेत बाळाचा डायपर टॉयलेटपेक्षा बर्थवरच बदलावा आणि मग हाताला सॅनिटायझर चोळलं की झालं, असं कुणीतरी म्हटलंय. त्यातलं बर्थचं पटलं. खाली रबरी शीट अंथरायची आणि उरकायचं. समोरच्यांनी नाक मुरडलं तर मुरडू द्या. पण नंतर सॅनिटायझर चोळून लगेच खायचा डबा उघडणं? नको. हाताला शी लागली असेल तर ते नीट काम करत नाही आणि जुलाबाच्या नोरोव्हायरसवर तर त्याचा फारसा उपयोगच नाही. साबण-पाणीच हवं. मी कागदी साबण आणि पाण्याची एक वेगळी बाटली ठेवते. कोल्हापूरला जाताना लेकीने मिरजेच्या आतच ती संपवायला लावली होती!

आणि वापरलेला डायपर गुंडाळून कचऱ्याच्या डब्यातच टाका. गाड्यांत आता बायोटॉयलेट आहेत, म्हणजे खालच्या टाकीत जिवाणूंनी मैला जिरवणारे; त्यात डायपर टाकला की लगेच तुंबतात.