मदत हवी आहे: शंभर वर्षं जुन्या फायरप्लेसच्या टाइल्सवरचा पांढरा रंग कसा काढावा?

मंडळी, पॅसाडीनाच्या (कॅलिफोर्निया) बंगलो हेवन भागात आम्ही जुनं घर घेतलं, त्याला आता दोनेक वर्षं होतील. घर १९२२ सालचं. आईला फोनवर 'बंगला घेतला' म्हणून सांगितलं होतं. ती आली आणि दारातच म्हणाली, "अरे, हे तर बैठं घर!" (शब्द आपल्याकडचाच, पण इथं बंगला म्हणजे असंच बुटकं, पुढे पडवी असलेलं घर.)

हॉलमध्ये फायरप्लेस आहे. आधीच्या कुणीतरी ती खालपासून वरपर्यंत पांढऱ्या रंगानं सारवून टाकलीय. आम्ही तिच्यावर टीव्ही लावायच्या बेतात होतो. मग जानेवारी २०२५मध्ये शेजारच्या अल्टाडीनात 'ईटन' नावाचा वणवा पेटला. घरं गेली, धुराडी तेवढी उभी राहिली, आणि त्या धुराड्यांवरच्या जुन्या, हातानं घडवलेल्या टाइल्स काढून वाचवायला स्वयंसेवक आणि गवंडी राखेत उतरले. भट्टीतून निघालेली माती ती, आगीला पुरून उरली. बातम्यांत त्या टाइल्स बघितल्या आणि रात्री आमची पांढरी भिंत नखानं खरवडली.

रुपयाएवढा पापुद्रा निघाला. खाली तपकिरी, खरपूस भाकरीच्या रंगाची माती. त्यावर द्राक्षाचं उठावाचं पान आणि पानाभोवतीच्या खोलगट भागात फिकट निळा रंग. चकाकी अजिबात नाही, बोट फिरवलं तर मडक्यासारखं खरखरीत.

वाचत गेलो तर अर्नेस्ट बॅचेल्डर या टाइल घडवणाऱ्याचं नाव समोर आलं. थ्रूप इन्स्टिट्यूटमध्ये (म्हणजे आताच्या कॅलटेकमध्ये) शिकवायचा. १९१०मध्ये त्यानं इथल्याच अरोयो सेको ओढ्याच्या काठी घरामागे भट्टी लावली, १९२०मध्ये कारखाना लॉस अँजेलिसला नेला, आणि महामंदीत १९३२ला तो बंद पडला. त्याची पद्धत अशी की माती हातानं साच्यात दाबायची, वरून पातळ रंगीत माती द्यायची, उंच भागावरची पुसून घ्यायची, मग खोलगटात उरेल तो रंग. हे सगळं एकदाच भाजायचं. वर काचेसारखं ग्लेझ नाही.

माझी पंचाईत इथेच आहे. ग्लेझ असतं तर पांढरा रंग वरच्यावर राहिला असता. ही माती तो प्यायलीय. तो काढताना खालचा निळाही जाईल का? कॉन्ट्रॅक्टर म्हणतो सँडब्लास्टिंग (जोरानं वाळूचा मारा) करू, दोन तासांत मोकळे. आई म्हणते ऍसिड टाक, पुण्यात बाथरूमची फरशी कशी लख्ख निघते. दोघांनाही सध्या थोपवून धरलंय.

आणखी एक. या टाइल्स बॅचेल्डरच्याच कशावरून? लॉस अँजेलिसमध्ये १९२१पासून क्लेक्राफ्टवालेही साधारण अशाच टाइल्स करत होते. फायरप्लेससमोरच्या फरशीतली कोपऱ्यातली एक टाइल डुगडुगते, तिला अजून हात लावलेला नाही.

प्रतिसाद

टीव्हीच लावा. (गंमत हो, रागावू नका.)

प्रतिसाद

आधी तुम्हाला रागावतो. १९२२च्या घरातला रंग नखानं खरवडलात? अमेरिकेत घरगुती रंगात शिसं घालायला १९७८मध्ये बंदी आली. त्याआधीचा थर असेल तर शिसं असणार असंच धरून चाला. टेस्ट किट आणा, आणि तोवर लहान मुलांना तिथे फिरकू देऊ नका. सुकं घासणं, सँडपेपर, हीट गन, सगळं बंद.

तुमचा निळा रंग म्हणजे मातीच आहे, टाइलबरोबर भाजलेली. पेंट रिमूव्हरनं ती विरघळणार नाही. पण थर पातळ असतो, त्यामुळे घासलात तर गेली. सँडब्लास्टिंगनं पान आणि निळा दोन्ही सपाट होतील, कॉन्ट्रॅक्टरला नमस्कार सांगा. ऍसिडनं रंग निघत नाही, सांध्यांतलं सिमेंट मात्र खाल्लं जातं.

जेलसारखं, सोयावालं रिमूव्हर घ्या. एका कोपऱ्यात करून बघा. जाडसर लावून वर प्लास्टिक चिकटवा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी प्लास्टिकच्या पट्टीनं उचला, खोलगटातलं जुन्या टूथब्रशनं आणि बांबूच्या काडीनं. तारेचा ब्रश घरातसुद्धा आणू नका. तीन-चार हात द्यावे लागतील. एका बैठकीत एक-दोन टाइल्सच घ्या. आम्ही आमची फायरप्लेस अख्खा उन्हाळा पुरवून पुरवून खाल्ली. बारीक छिद्रांत थोडा पांढरा राहतो, त्याच्यामागे लागू नका.

ती डुगडुगणारी टाइल उचला की! शिक्का पाठीवर असतो. मात्र प्रत्येक टाइलवर असेलच असं नाही.

धागाकर्ता

किट आणलं, रंग लाल झाला, म्हणजे शिसं आहे. आई आणि लेक आता स्वयंपाकघरातून ये-जा करतात.

मास्क आणि हातमोजे घालून टाइल उचलली. पाठीला जुनं सिमेंट चिकटलंय. खालच्या ओळीत 'लॉस अँजेलिस' स्वच्छ वाचता येतं. वरच्या ओळीची शेवटची दोनच अक्षरं उघडी आहेत, ई आणि आर. बाकीचं सिमेंटखाली. आई शेजारी उभी राहून म्हणतेय, आता तरी ऍसिड टाक. हे सिमेंट कसं काढू?